करवतीची मर्यादा

लाकडाच्या इतिहासात पहिला मान कुऱ्हाडीला दिला जातो, आणि तो योग्यही आहे. कारण झाड पाडते ती कुऱ्हाड. पण पडलेल्या झाडापासून फळी, तुळई, चौकट तयार करते ती करवत. करवत हाती येण्यापूर्वी खोडात पाचरी ठोकून ते उकलीत आणि वाकसाने तासून सपाट करीत. अशी फळी लाकडाच्या रेषा जिकडे वळतील तिकडे वळे. एका खोडातून एखाददुसरीच फळी निघे आणि उरलेल्या लाकडाच्या ढलप्या होत. करवत मात्र सुताने आखलेल्या रेघेवरून चालते. त्यामुळे ज्या ओंड्यातून पूर्वी दोन फळ्या निघत, त्यातून आठ-दहा निघू लागल्या. अशा रीतीने करवत प्रथम आली ती काटकसरीचे साधन म्हणून. पुढे तिच्यामुळेच अरण्ये उजाड होण्याची वेळ का आली, आणि तिला मर्यादा कोणी व कशी घातली, याची हकीकत भारतातील सागवानाच्या इतिहासात स्पष्टपणे वाचता येते.

यंत्राच्या आधीच्या काळात ओंडा चिरण्याचे काम दोन माणसांचे असे. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा खणून त्यावर ओंडा आडवा टाकीत. किंवा खड्डा खणण्याऐवजी उंच घोडीवर ओंड्याचे एक टोक चढवीत. गेरूत किंवा काजळीत भिजवलेले सूत ओंड्याच्या दोन्ही टोकांस ताणून धरीत आणि मध्ये उचलून सोडीत. लाकडावर सरळ रेघ उमटे. एक गडी ओंड्यावर उभा राही, दुसरा खाली. दोघांच्या मध्ये उभा धरलेला लांब पात्याचा आरा असे. वरच्याने रेघेवर नजर ठेवून तो वर खेचायचा आणि खालच्याने ओढून घ्यायचा. कापण्याचे खरे काम या खालच्या ओढीत होई. भुसा खालच्याच्या डोळ्यांत आणि केसांत जाई. काप मिटून आरा आवळला जाऊ नये म्हणून मागे पाचर मारीत. आऱ्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे आळीपाळीने थोडे वाकवलेले असत, त्यामुळे पाते कापात मोकळे फिरे. सागाच्या लाकडात वाळूसारखी बारीक सिकता असते. ती दातांची धार लवकर बोथट करते. म्हणून सागवान चिरणाऱ्याच्या हातात आऱ्याइतकीच कानसही असे.

ओंडा कसा फिरवावा, हे या कामातले मुख्य ज्ञान. खोडाच्या अगदी मधला भाग फुटतो; तो फळीत येऊ द्यायचा नसतो. सालीखालचा फिक्या रंगाचा थर कच्चा, त्याला कीड लवकर लागते. टिकतो तो गाभा. शिवाय लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आटत नाही. वर्षवलयांच्या कडेकडेने ते जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आटते. म्हणून गाभ्यातून सालीकडे उभी चिरलेली फळी सरळ राहते आणि सालीलगतची फळी पन्हळीसारखी वळते. आऱ्यावरच्या गड्यांना ही कारणे कदाचित सांगता आली नसती. परंतु कोणती फळी दाराला आणि कोणती मांडणीला, हे ते ओंड्याचे तोंड पाहून सांगत. चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून रचीत. इंचभर जाडीच्या कठीण लाकडाला वाळायला वर्ष लागते, हा हिशेब जगभर सारखाच आहे.

कोकणात आणि मावळात हे काम बहुधा घराच्या अंगणातच होई. घर बांधायचे ठरले की परसातला फणस, बांधावरचा ऐन किंवा किंजळ, क्वचित साग पाडला जाई आणि आरा घेऊन येणारी जोडी झाडापाशी येई. झाड आऱ्याकडे जात नसे. या व्यवस्थेत एक मर्यादा आपोआप होती. दोन माणसांच्या खांद्यांत जितके बळ, तितकेच लाकूड दिवसाकाठी चिरले जाई. आणि ज्याचे झाड त्याच्याच डोळ्यांदेखत ते चिरले जात असल्यामुळे ते किती वर्षांत वाढले आणि किती तासांत संपले, याचा ताळा त्याला आपोआप मिळे.

या मर्यादेला राजनीतीचे रूप देणारा एक विलक्षण दस्तऐवज मराठीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार केलेला आहे. रानातील साग वगैरे झाडे आरमाराच्या कामी उपयोगी पडतात, ती हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत. कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, असा तेथे उपदेश आहे. आंबा, फणस यांचेही लाकूड आरमाराच्या कामाचे. पण त्यांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे; बळजबरी मुळीच करू नये. झाडाची वाढ आणि ते वाढविणाऱ्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी राजाच्या गरजेहून आधी मोजायच्या, हा या सांगण्याचा आशय आहे.

त्याच शतकात पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातले सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना आणला गेला. वाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली. १८२८ च्या आगीत त्याचे लाकूडकाम जळून गेले आणि तटबंदी व जोती तेवढी उरली. परंतु वाडे कितीही मोठे असले तरी ते रान संपवीत नव्हते. रानावर खरा भार पडला तो समुद्राच्या बाजूने.

१७३६ मध्ये सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबईत जहाजे बांधायला आले. १७५० मध्ये मुंबईच्या गोदीत सुकी गोदी तयार झाली. इंग्लंडातील ओक वृक्ष आरमाराने जवळजवळ खाऊन टाकले होते, आणि सागवानाचे गुण इंग्रजांच्या ध्यानात आले होते. सागाच्या तेलामुळे खिळे गंजत नाहीत, वाळवी लागत नाही, पाण्यात व उन्हात लाकूड फारसे हलत नाही. जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली बांधलेली ‘मिंडेन’ ही युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली. १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ तयार झाली. १८४२ मध्ये चीनवर लादलेल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून पाण्यावर उभी आहे. दोनशेहून अधिक वर्षे टिकलेले ते लाकूड मलबारच्या रानातले आहे.

मुंबईच्या या गोदीची भूक भागविण्यासाठी मलबारच्या सागाभोवती कंपनीने पहिले कुंपण घातले. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला वनरक्षक नेमण्यात आले. हिंदुस्थानातील असा हा पहिलाच अधिकारी. सागवानावर कंपनीचा मक्ता पुकारला गेला. रानांचे खासगी मालक आणि लाकडाचे व्यापारी यांचा असंतोष इतका वाढला की मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या कारकीर्दीत हे पद मोडीत काढावे लागले. आज्ञापत्रात ज्या बळजबरीचा निषेध होता, तिचा अनुभव मलबारने पुरता घेतला. मक्ता गेल्यानंतर व्यापाऱ्यांनी उरलेसुरले रान तोडले, आणि दोन दशकांत साग दुर्मिळ झाला.

तेव्हा मलबारचे कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी सागाची लागवड करण्याचा निश्चय केला. सागाचे बी सहजासहजी रुजत नाही; पहिले प्रयत्न फसले. चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने बी रुजविण्याची युक्ती साधली आणि १८४० नंतरच्या दशकात चालियार नदीच्या काठी निलांबूर येथे सागाची बने उभी राहिली. माणसाने हेतुपुरस्सर लावलेली ही सागाची जगातील सर्वांत जुनी बने मानली जातात. त्यांतील एक तुकडा कॉनोलीच्या नावाने आजही राखलेला आहे. त्यांच्या नशिबी मात्र एक चमत्कारिक गोष्ट आली. ती लावली होती जहाजांसाठी. साग नीट पक्व व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. आणि १८६० मध्ये इंग्लंडने ‘वॉरियर’ ही लोखंडी युद्धनौका पाण्यात सोडली. रोपे वयात येण्यापूर्वीच ज्या गरजेसाठी ती लावली ती गरज संपली होती. माणसाची निकड आणि झाडाची वाढ यांचे वेग किती भिन्न असतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

याच सुमारास करवतीला यंत्राचे बळ मिळू लागले होते. नेदरलँड्समध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्कीवर करवती चालू लागल्या. इंग्लंडमध्ये लाइमहाउस येथे उभारलेली अशी गिरणी १७६८ मध्ये हाताने लाकूड चिरणाऱ्या मजुरांनी चाल करून मोडून टाकली. आपल्या पोटावर काय येत आहे, हे त्यांना कळून चुकले होते. परंतु गिरण्या थांबल्या नाहीत. गोल फिरणारी चक्राकार करवत आली. पट्ट्यासारख्या सलग पात्याच्या करवतीचा पेटंट विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये घेतला. मात्र पात्याचा जोड टिकाऊ करण्याची रीत फ्रान्समध्ये १८४६ च्या सुमारास सापडेपर्यंत ती व्यवहारात आली नाही. वाफेचे इंजिन जोडले गेल्यावर करवतीला दम लागण्याचे कारणच उरले नाही.

चक्राकार करवतीने काम झपाट्याने होई, पण तिचे पाते जाड. इंचभर जाडीची फळी काढताना पाव इंचाचा काप गेला, तर चार फळ्यांमागे एका फळीचे लाकूड निव्वळ भुसा होऊन पडते. पूर्वी माणसाच्या घामाने मोजली जाणारी ही नासाडी आता कोणाला खुपेनाशी झाली. कारण इंधन म्हणून तोच भुसा बॉयलरमध्ये जाई.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. रुळांखालचे स्लीपर मैलाला दोन हजारांच्या आसपास लागत. आरंभी काही स्लीपर विलायतेहून आले. पण येथील हवेत व वाळवीपुढे औषधाविना टिकणारी देशी लाकडे मुख्यतः तीनच ठरली : साग, साल आणि देवदार. या कामात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिमालयाच्या उतारांवर देवदाराचे ओंडे खाली आणणे अशक्य असल्याने स्लीपर रानातच, हाताच्या आऱ्यांनी, चिरले जात आणि नदीत सोडले जात. म्हणजे हाताची करवत स्वभावतः सोज्ज्वळ होती असे मुळीच नाही. हजारो हात मजुरीने लावले की तीही डोंगर बोडके करू शकते. बदलली होती ती लाकूड मागणाऱ्याची जागा. झाडापासून तो शेकडो मैल दूर गेला होता.

सागाच्या या मागणीने ब्रह्मदेशात तर राज्य बुडविण्यास हातभार लावला. तेथे उभ्या सागाच्या बुंध्याभोवती साल व कच्चा थर कापून झाड दोन-तीन वर्षे जागच्या जागी वाळू देत. कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही. मग हत्तींनी ओढून ओंडे नदीत सोडीत आणि ते मोलमीन व रंगूनच्या वाफेच्या गिरण्यांपर्यंत वाहत येत. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने वरच्या ब्रह्मदेशातील रानांचे ठेके घेतले. नेले त्याहून कमी ओंडे दाखवून राजाचा महसूल बुडविला, असा आरोप ठेवून १८८५ मध्ये थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला. इंग्रजांना फ्रेंचांच्या हालचालींचीही धास्ती होतीच. ओंड्यांच्या या तंट्याने निमित्त पुरविले. नोव्हेंबरात मंडाले पडले. राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहणाऱ्याला या करुण कथेच्या मुळाशी सागाच्या ओंड्यांची मोजदाद आहे, हे सहसा ठाऊक नसते.

रान असे संपत चालल्यावर त्याला मर्यादा घालण्याचे काम कागदाकडे आले. मुंबई इलाख्यात दापुरीच्या बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये वनरक्षक झाले. १८५५ मध्ये डलहौसींनी वनविषयक धोरण लिहून काढले. पेगूच्या सागरानांत झाडांचे घेर मोजून, दरवर्षी जितकी झाडे वयात येतील तितकीच तोडायची, असा हिशेब बसविणारे डीट्रिश ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. त्यांचा हिशेब शास्त्रशुद्ध होता. पण १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी तो हिशेब ज्यांच्यावर लादला, ते रानाच्या कडेला राहणारे गरीब लोक होते. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला हरकत घेतली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याला सोडले नाही. आणि ठाणे-कुलाब्याच्या रयतेच्या तक्रारींमुळे सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. रेल्वेला ओंडे मिळत होते आणि कातकऱ्याला मोळीसाठी गुन्हेगार व्हावे लागत होते, हा या मर्यादेतला अन्याय होता.

विसाव्या शतकात वीज आणि तेलाचे इंजिन आले आणि आरागिरणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. वखारीच्या मागे पत्र्याची शेड, पट्ट्याची करवत, रुळावरचा गाडा आणि भुशाचा ढीग, हे दृश्य देशभर सारखे झाले. पट्ट्याचे पाते पातळ असल्याने भुसा कमी होई. पण खड्ड्यावरचे गडी या शेडपुढे टिकले नाहीत. स्वातंत्र्यानंतर बांधकामे वाढली तशा गिरण्याही वाढल्या, आणि ओंडा मालकीच्या जमिनीतला की राखीव रानातला, हे एकदा फळी झाल्यावर ओळखता येईना. महाराष्ट्राने १९६४ मध्ये झाडे तोडण्यावर नियंत्रण घालणारा कायदा केला, त्यामुळे स्वतःच्या शेतातला साग तोडण्यासही परवानगी आवश्यक झाली. १९८० मध्ये केंद्राचा वन संवर्धन कायदा आला.

यानंतरचा मोठा निर्णय आला तो पुन्हा निलांबूरच्या वाटेने. निलांबूरच्या राजघराण्यातील टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी निलगिरीतील गुडलूर भागात चाललेली वृक्षतोड पाहून १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने सबंध देशाला लागू होणारा आदेश दिला. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून वनक्षेत्रात चालणारी आरागिरण्यांसह सर्व वनेतर कामे थांबविण्यात आली; ईशान्येकडील रानांची तोड तर बव्हंशी बंदच झाली. २००२ मध्ये न्यायालयाने नव्या गिरण्यांना केंद्रीय समितीच्या परवानगीची अट घातली. २०१६ च्या नियमांनी हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. या आदेशांनी पुष्कळ रान वाचले, यात शंका नाही. त्याच वेळी अनेक लहान गिरणीवाले आणि त्यांच्याकडचे कामगार निरुद्योगी झाले, आणि ज्याने आपल्या बांधावर प्रामाणिकपणे साग वाढविला त्यालाही कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हेही तितकेच खरे.

आज सागवानाची आणि इतर लाकडांची मोठी आवक परदेशातून होते. देशी साग संपलेला नाही; २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेले. आणि जगात एक उलटा प्रवाहही दिसतो. गेल्या चाळीसेक वर्षांत पातळ पट्ट्याच्या, गाड्यावरून नेता येणाऱ्या लहान गिरण्या अनेक देशांत शेतकऱ्यांच्या अंगणात आल्या आहेत. वादळात पडलेले, रस्त्यासाठी काढलेले, एरवी सरपणात गेले असते असे झाड या गिरण्या जागेवर चिरतात. दोन मिलिमीटरचा काप घेणारी करवत भुशात फारसे लाकूड दवडीत नाही. अंगणातल्या झाडात कधीकाळी ठोकलेला खिळा किंवा तारेचा तुकडा गाडून राहिलेला असतो आणि तो पाते मोडतो. म्हणून मोठ्या गिरण्या असा ओंडा सहसा घेत नाहीत. ते काम झाडाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाचेच. खड्ड्यावरच्या आऱ्याची जुनी रीत, झाडापाशी जाण्याची, अशा प्रकारे नव्या यंत्राने परत आणली आहे.

तथापि यंत्र लहान झाले म्हणून मर्यादा आपोआप परत येत नाही. पूर्वी ती दोन गड्यांच्या दमात होती. तो दम आता इंजिनाचा आहे आणि तो सरत नाही. म्हणून ती कायद्यात ठेवावी लागते, आणि कायदा न्याय्य राहावयाचा असेल तर त्याला दोन गोष्टी एकाच वेळी मोजता आल्या पाहिजेत : रानात दरवर्षी किती वाढते, आणि झाड वाढविणाऱ्याचा त्यावर हक्क किती. ब्रँडिस यांच्या हिशेबात पहिली होती, दुसरी नव्हती. आज्ञापत्रात दोन्हींची जाण होती, पण ते एका लहान राज्याचे आणि हाताच्या करवतीच्या काळातले होते. मोठ्या देशात आणि यंत्राच्या काळात या दोन्हींचा मेळ घालणे अजून बाकी आहे. निलांबूरच्या बनात कॉनोलीच्या काळचे साग अजून उभे आहेत. त्यांतला एखादा चिरायला आजच्या गिरणीला तासाभराहून अधिक वेळ लागणार नाही. तसा दुसरा उभा करायला पावणेदोनशे वर्षे लागतील.